ताईच्या कानांवरची वर्षं

दोन कानांसाठी जन्माला आलेला मी एक जुना हेडफोन आहे, मित्रांनो, आणि सध्या माझ्या वाट्याला एकही कान नाही. टेबलाच्या खालच्या खणात, वाळलेली पेनं आणि गुंत्यात अडकलेल्या दोऱ्याच्या रिळांशेजारी मी पडून असतो. माझ्या गाद्यांची काळी साल निघू लागली आहे. पण वाजायचं म्हणाल तर मी आजही दोन्ही बाजूंनी चोख वाजतो.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. एका बाईने चिमट्याने माझ्या पोटात केसाएवढ्या तारा जोडल्या, दुसरीने मला कानाला लावून पाहिलं आणि मान डोलावली. आयुष्यातली पहिली शाबासकी ती. मग खोक्यातला अंधार, दुकानाच्या काचेतलं ऊन, आणि एके दिवशी एका तरुणाने मला आपल्या बहिणीसाठी उचललं. "माझी ताई ऐकते ना, तसं कुणी ऐकत नाही," असं तो दुकानदाराला सांगत होता. दुकानदाराने काही विचारलंसुद्धा नव्हतं.

ताई दातांच्या कवळ्या करणाऱ्या एका छोट्या लॅबमध्ये कामाला होती. लांबट खोली, खिडकीला प्लास्टरची पांढरी पूड, आणि टेबलांवर ओळीने मांडलेले अनोळखी माणसांचे जबडे. तिचं काम मेणात दात बसवायचं. हात गुंतलेले, कान मोकळे. म्हणून मालकांनी मला परवानगी दिली होती. सकाळी ती मला डोक्यावर चढवी आणि बारीक सुरी गरम करून मेण कोरायला बसे.

ती काय ऐके, ते सांगायलाच हवं. मोठ्या कंपन्यांच्या दारात न जाता चार मित्र जमतात, कुणाच्या गॅरेजात, कुणाच्या स्वयंपाकघरात गिटार-ड्रम घेऊन स्वतःच अल्बम करतात. त्याला इंडी रॉक म्हणतात. असे अल्बम ऐकणारे थोडे, आणि विकत घेणारे त्याहून थोडे. ताईला मात्र त्यांचं वेड होतं. अल्बमची नावं तिच्या लक्षात राहत नसत. मुखपृष्ठावरून तीच बारसं करी. पिवळ्या दाराचा अल्बम. उलट्या छत्रीचा अल्बम. बाकावर कुणीच बसलेलं नाही, तो अल्बम.

दुपारी डबा खाताना ती धाकट्या भावाला फोन लावी. तोच तो, मला विकत घेणारा. त्याचाही चौघांचा बँड होता. एका बंद पडलेल्या गोदामात ते सराव करत.

"धाकट्या, पिवळं दार ऐकलं," ती घास चावत सांगे. "ड्रम म्हणजे नुसतं पुठ्ठ्याचं खोकं रे. पण चौथ्या गाण्यात मध्येच खुर्ची करकरते, ऐकलीस? त्यांनी ती काढली नाही. मला तर वाटतं, त्या सगळ्यांत ती खुर्चीच सुरात आहे."

उलट्या छत्रीच्या अल्बममधली बाई कशी गाते, असं त्याने विचारलं तेव्हा ताईने आधी घास गिळला. मग म्हणाली, "शेजारच्या खोलीत आजारी माणसाचा नुकता डोळा लागलाय आणि हिला तर गायचंच आहे, तशी गाते." एका दणदणीत अल्बमबद्दल तिचं मत असं, "तीन गाणी तो पोरगा जीव खाऊन दार बडवतो. चौथ्यात त्याला कळतं की कडी लावलेलीच नव्हती. तिथे मला रडू आलं बघ."

एकदा सगळीकडे गाजलेला एक अल्बम ऐकून तिने नाक मुरडलं. "नव्या कवळीसारखा आहे. सगळे दात एका मापाचे, एका रंगाचे. लांबूनच कळतं, खोटे म्हणून. मी एखादा दात मुद्दाम जरासा तिरका बसवते, तेव्हा कुठे माणूस माणसासारखा हसतो."

धाकटा पलीकडून खो खो हसे. पण ती म्हणे ते तो मनात ठेवी आणि गोदामात जाऊन बदल करी. ताईच्या कानांवर त्याचा स्वतःच्या बोटांपेक्षा जास्त भरवसा होता. माझ्यासाठी ती वर्षं सोन्याची होती, मित्रांनो. ताई गुणगुणली की तिच्या जबड्याची थरथर माझ्या गाद्यांना कळे.

मग एके दिवशी ती मला डोक्यावरून काढून उलटसुलट बघू लागली. फुंकर मारली, वायर हलवली, टिचकी मारली. ड्रमची झांज ऐकू येत नव्हती. काही महिन्यांनी गाण्यातले 'स' आणि 'श' गळाले. शेवटी ती मला दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली.

दुरुस्तीवाल्याने मला कानांना लावलं, तिच्याच मोबाइलवरचं गाणं लावलं आणि मान हलवत ऐकत बसला.

"ताई, हा ठणठणीत आहे."

"झांज येत नाहीये. डावीकडून तर मुळीच नाही."

"येतेय की. छान किणकिणतेय." त्याने मला तिच्यापुढे धरलं. "तुम्हीच ऐका."

तिने ऐकलं. मी जीव तोडून वाजत होतो. तिने मला हळूच गळ्यात उतरवलं आणि म्हणाली, "हो, आली वाटतं." रस्त्यावर आल्यावर ती एका बंद दुकानाच्या पायरीवर किती तरी वेळ बसून राहिली.

कानाच्या डॉक्टरांकडे गेली तेव्हाही मी तिच्या गळ्यातच होतो. डॉक्टरांनी घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का, असं विचारलं. वडिलांना होता. ते हयात असताना अख्खी गल्ली त्यांना 'दगड्या' म्हणे. हाक मारली की वळत नाहीत म्हणून. डॉक्टर म्हणाले, रक्तातच आहे, वाढत जाईल. कानाच्या मशीनने बोलणं थोडंफार कळेल, संगीताचं मात्र सांगता येत नाही. मशीन बसवलं, आणि त्यातून गिटार ऐकली की पत्र्यावर खिळे सांडल्यासारखं होई. ताईने गाण्यापुरतं ते काढूनच ठेवलं.

आईला तिने सांगितलं. धाकट्याला सांगू दिलं नाही. "त्याचा अल्बम होतोय गं. आत्ता नको," ती म्हणाली. दुपारचे फोन तिने बंद केले, काम वाढल्याचं निमित्त करून.

आणि अल्बम खरंच झाला. तिघा मित्रांची आणि त्याची उमेदीची वर्षं त्या गोदामात गेली होती. जगाला ऐकवण्याआधी ताईने ऐकावा, म्हणून तो घरी आला. स्वतःच्या हातांनी त्याने मला तिच्या कानांवर बसवलं आणि समोर स्टूल ओढून तिचा चेहरा बघत बसला.

मी काय वाजवलं, ते मलाच ठाऊक. सुरुवात ओबडधोबड, मग हळूहळू मोकळी होत जाणारी गिटार, आणि शेवटचं गाणं तर जवळजवळ श्वासातच गायलेलं. ताईपर्यंत त्यातली फक्त धडधड पोचत होती. तिने माझ्यावर दोन्ही हात दाबून धरले. डोळे मिटले. संपलं तरी तिला कळलं नाही. तो हलला तेव्हा कळलं.

"बोल ना," तो म्हणाला.

ताई हसली. "छान आहे."

"छान?"

"खूप छान आहे रे."

त्याचा चेहरा पडला. जिने खुर्चीच्या करकरीवर तासभर बोलावं, तिच्याकडे त्याच्यासाठी एवढा एकच गुळगुळीत शब्द निघावा? "इतका वाईट असेल तर सरळ सांग ना, ताई," तो म्हणाला. तो पाठमोरा होऊन पिशवी उचलत होता, त्यामुळे तिला तेही ऐकू गेलं नाही. ती हसतच राहिली. ते हसू बघून तो निघून गेला.

पुढे अल्बम बाहेर आला. मित्र, मित्रांचे मित्र, एवढ्यांनी ऐकला आणि विषय संपला. ड्रमवाला दुसऱ्या शहरात गेला, गोदाम कुणीतरी भाड्याने घेतलं, आणि धाकटा फरश्यांच्या दुकानात नोकरीला लागला. घरी यायचा, पण गाण्याचं नाव काढत नसे. शेवटी आईलाच राहवलं नाही. तिने एक दिवस त्याला सगळं सांगून टाकलं.

त्या रविवारी सकाळी तो आला आणि ताईच्या समोर बसला. आता तिला मशीन लावूनही ओठ बघितल्याशिवाय काही उमगत नसे.

"सांगायचं होतंस मला," तो एकेक शब्द सुटा करून म्हणाला.

"सांगून काय झालं असतं?"

तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. "काहीच नाही," तो म्हणाला. "तसाही अल्बम कुणी ऐकला नसता."

मग ताई उठली, मला घेऊन आली आणि त्याच्या हातात दिलं. "मग आता तू ऐक. मी सांगायचे तसं सांग मला."

त्याने स्वतःचाच अल्बम माझ्यातून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. संपल्यावर मला गळ्यात उतरवून तो सांगू लागला. आधी तिच्याकडे बघत, अडखळत. पहिलं गाणं नव्या बुटांसारखं चावतं. दुसऱ्यात ड्रमवाल्याला कुठेतरी पोचायची घाई आहे. ताई त्याच्या ओठांवर नजर रोवून मान हलवत होती, एकदा हसलीदेखील. शेवटच्या गाण्यापाशी मात्र त्याचे डोळे भरून आले. त्याची हनुवटी छातीला टेकली आणि तो टेबलाकडे बघत बोलू लागला.

तो म्हणाला, "यात मी घरातल्या खोल्या-खोल्यांतून तुला हाका मारत फिरतोय असं वाटतं, ताई. तू घरातच आहेस, हे मला माहीत आहे. तरी प्रत्येक दार उघडून बघतोय."

त्याच्या गळ्याची थरथर मला लागत होती. इतकं खरं कुणी कुठल्याच अल्बमबद्दल बोललं नव्हतं, ताईसुद्धा नाही. आणि ताईला दिसत होता फक्त त्याच्या केसांतला भांग. हात पुढे करून तिला त्याची हनुवटी वर उचलता आली असती. तिचा हात उचलला गेलाही, पण टेबलावरच थांबला. त्याला मध्येच तोडायचं तिच्या जिवावर आलं असावं. तो बोलून होईपर्यंत ती वाट बघत राहिली, आणि त्याने डोळे पुसून वर पाहिलं तेव्हा तिने मान डोलावली.

त्याला वाटलं, पोचलं. तो हलका होऊन गेला.

तो गेल्यावर ताईने स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन विचारलं, "आई, शेवटी काय म्हणाला गं तो?"

"मी कुकर लावत होते," आई तिच्याकडे वळून म्हणाली. "नाही ऐकलं बाई."

ताईने पुन्हा त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर आपण मान कशाला डोलावली, तेही सांगावं लागलं असतं. मला तिने स्वच्छ पुसलं, वायर नीट गुंडाळली आणि या खणात ठेवलं. मला त्याचं ते वाक्य पाठ आहे, मित्रांनो. पण मला तोंड नाही, आणि माझं ऐकायला कान लागतात.

तुमच्या घरीही कुणाला कमी ऐकू येत असेल. मोठ्याने ओरडू नका, त्याचा उपयोग नसतो. जवळ बसा, उजेडात बसा. आणि मनातलं बोलायची वेळ येईल तेव्हा, कितीही रडू आलं तरी, मान तेवढी खाली घालू नका.