दोब्रीचा कागद

सुनेचं हे वागणं त्सोन्काला मुळीच खपत नव्हतं. नेवेना धडधडीत खोटं बोलायची, तेही स्वतःच्या मेलेल्या नवऱ्याबद्दल! त्सोन्काचा म्हातारा मिन्चो रोज विचारायचा, "दोब्री कुठंय?" आणि ही चुलीवर भोपळी मिरच्या भाजता भाजता, मान न वळवता म्हणायची, "गाब्रोवोला गेलाय, बाबा. ट्रकचे टायर बदलायला."

म्हातारा खूश. डोक्यातलं सगळं पुसत चाललं होतं त्याच्या; दोन घास झाले की पुन्हा तेच विचारायचा.

"दोन वर्षं टायर बदलतोय?" त्सोन्का आज फणकारलीच. "ट्रक आहे की गोम? माझा लेक मातीखाली आहे. त्याच्या नावाने या घरात थापा नकोत."

"मग काय सांगू त्यांना, आई?"

"खरं सांग! एवढी बुकं शिकलीस, तेवढं येत नाही? थांब, मीच दाखवते."

तिने म्हाताऱ्याचा दंड धरला आणि त्याला फाटकाशी नेलं. दोब्रीला जाऊन दोन वर्षं झाल्याचा कागद तिने कालच तिथे डकवला होता. काळी चौकट, फोटो, खाली नाव. गावातल्या प्रत्येक मेलेल्याचा असतो तसा.

"वाच."

मिन्चोने शाळेतल्या पोरासारखं बोट ठेवून वाचलं. नावापाशी बोट थांबलं. त्याने टोपी काढली. मग त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तो त्सोन्काने दोब्री गेला त्या दिवशी ऐकला होता, आणि पुन्हा कधी ऐकावा लागू नये म्हणून चर्चमध्ये मेणबत्त्या लावल्या होत्या. समोरची स्तोयना हातातली बादली तशीच टाकून रस्त्यावर आली.

"तुला ठाऊक होतं?" सगळ्या गल्लीदेखत म्हाताऱ्याने त्सोन्काला विचारलं. "पोरगा गेला माझा, आणि तू मला सांगितलं नाहीस? बायको आहेस की वैरीण?"

उभ्या गावाला जिभेवर नाचवणारी बाई, पण ती नुसती फाटकाची कडी चाचपत राहिली. शेवटी नेवेनाच धावत आली आणि म्हाताऱ्याला कवेत घेऊन आत घेऊन गेली.

दुपारी तो झोपून उठला तेव्हा कागद, फोटो, सगळं विसरला होता. रडणं तेवढं उरलं होतं. डोळे गळत होते आणि का गळताहेत ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. त्सोन्काने घेवड्याचं सूप पुढे केलं, तर मारकुट्या मास्तरापुढे पोर अंग चोरतं, तसं त्याने चोरलं. तीच वाटी नेवेनाने घेतली, तर मुकाट्याने तोंड उघडलं.

"ती बाई वाईट आहे," तो सुनेच्या कानाशी म्हणाला. बहिऱ्या माणसाची कुजबुज ती. घरभर ऐकू गेली.

त्सोन्का भांडी घासायला बसली. घासलेलीच होती ती. तीच पुन्हा घासली. मग उठली आणि सुरी घेऊन फाटकाशी गेली.

मेलेल्याचा कागद पावसाने विरावा, उन्हाने जावा. माणसाने त्याला हात लावू नये, आईने तर नाहीच नाही. आणि ती भर उन्हात, स्तोयनाच्या खिडकीसमोर, लेकाचा कागद खरवडत होती. फोटो अख्खा निघेना. कपाळ लाकडाला चिकटून राहिलं, ते नखाने काढावं लागलं. लाजेने तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. मान वर करायचं धाडस होईना.

नेवेना कधी मागे येऊन उभी राहिली कोण जाणे. तिने तुकडे वेचून ॲप्रनच्या खिशात ठेवले आणि हळूच म्हणाली, "आई, कुणी विचारलं तर वाऱ्याने उडाला म्हणते मी."

त्सोन्काने सुरी पुसली. आवाज मुद्दाम चढवला, समोरच्या खिडकीत पोचेल एवढा.

"खोटारडी आहेस तू, सूनबाई. म्हाताऱ्यासाठी बोल हवं तेवढं खोटं. तुझ्या तोंडून त्याला ते पचतं, माझं खरं पचत नाही. पण माझ्यासाठी एक अक्षर खोटं बोलायचं नाही. कुणी विचारलं तर सांग, सासूने फाडला. म्हाताऱ्याला लेकाचं मरण दुसऱ्यांदा दाखवलं तिने, म्हणून फाडला."