घरी होती ती फाइल

खाणीतला कॉम्प्युटर बाहेरच्या जगाशी बोलत नसे. मालकाचा नियमच होता, इंटरनेटची तार आत यायची नाही. म्हणून पाण्याच्या भोंग्याचा नवा प्रोग्राम दीपिकानं बालाघाटच्या सायबर कॅफेत तीन संध्याकाळी बसून उतरवला, त्याला लागतील असं वाटलेल्या एकेका फाइलीसकट, आणि सीडीवर भरला. घरच्या कॉम्प्युटरवर लावून पाहिला. चालला. मग आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात सीडी गुंडाळून तिनं सकाळची परसवाड्याची बस धरली.

जमिनीखाली, जुन्या बोगद्यात पाणी खुणेवर चढलं की तो भोंगा वाजायचा आणि माणसं वर यायची. श्रावण होता. पाणी दगडादगडातून येत होतं, गुपचूप, पायात चाळ न बांधता. जुना प्रोग्राम मधेच गोठायचा; तो आज बदलायचा होता. तेवढ्यापुरतं फोरमन भोजराजनं सगळ्यांना वर बोलावलं. पंपावरचे तिघे मात्र खालीच राहिले. त्यांतला एक तेजराम, दीपिकाचा बाप.

खाणीच्या तोंडावरच्या ऑफिसात बसून तिनं जुना प्रोग्राम पुसला. सीडी घातली. पडद्यावरची पट्टी अर्ध्यापर्यंत सरकली आणि थांबली. एक फाइल सापडत नाही, असं आलं.

तिनं सीडी वरपासून खालपर्यंत पाहिली. नव्हती. ती फाइल घरच्या कॉम्प्युटरवर आधीपासून पडून होती, कधीतरी दुसऱ्याच कामासाठी टाकलेली. म्हणून घरी प्रोग्रामनं ती मागितलीच नाही.

"काहून थांबली व पोरी?" भोजराजनं विचारलं.

दहा मिनिटं द्या, एवढंच म्हणता आलं असतं. नोकरी लागून चारच महिने झाले होते.

"काका, एक फाइल घरीच राह्यली. भोंगा बंद आहे. बाबाले वर घ्या."

"बालाघाटले जाऊन येतपर्यंत दिवस बुडते! अन् पंप सोडले तं खाण भरते, साहेबाले काय सांगू मी?" पण त्याचा हात फोनकडे गेलाच होता. "पंधरा मिनिटं देतो. नाही झालं तं तिघायलेही वर घेतो. घे, बोल."

"बाबा, पाणी किती आहे?"

"पंपापाशी घोट्याइतकं. जुन्या बोगद्यातलं इथून दिसत नाही. ते तुहा भोंगाच सांगते नं."

"भोंगा बंद पडला. फाइल विसरली मी."

तेजराम हसला. "तुही माय मीठ विसरते, तरी मी जेवतोच."

"हसू नका, बाबा. पंपापाशी तो जुना कॉम्प्युटर पडला आहे नं, तो चालू करा. त्याच्यात ती फाइल असंन तं खाणीतल्या तारेवरून वर ओढून घेतो मी."

"त्याच्यावर तं आम्ही डबे ठेवतो."

"डबे काढा!"

तिचा आवाज फाटला. खाली कुणी हसलं नाही.

कॉम्प्युटर जागा व्हायला चार मिनिटं लागली. दीपिकाला बोटं सापडेनात, अक्षरं सापडेनात. फाइल मात्र सापडली. कोळी जाळ्याच्या एकाच धाग्यावरून चढावा तशी ती वर येऊ लागली. नव्वदवर थांबली. पुन्हा हलली. आली.

प्रोग्राम लागला. त्यानं पाण्याकडे पहिल्यांदा पाहिलं आणि भोंगा वाजला.

दीपिकाला वाटलं, पुन्हा आपलंच काही चुकलं. भोजराजनं आकडा वाचला आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला. "खुणेच्या हातभर वर! तेजराम, पंप सोड! वर ये!"

खालून उत्तर आलं नाही. फोन तसाच लोंबत असावा. त्यातून भोंग्याचाच आवाज येत होता, आणि पाण्यात पळणारे पाय. मग नुसतं पाणी.

ती खाणीच्या तोंडाशी पळाली. पायऱ्यांवरून पंपावरचा महागू आला. मग प्रेमलाल, खोकत. तिसऱ्याची पावलं वाजेनात. तिनं अंधारात हाक मारली, "बाबा!"

तेजराम आला, कमरेपर्यंत भिजलेला, छातीशी तीन डबे धरून.

"काढा म्हटलं नं तू," तो धापा टाकत म्हणाला.

तिनं त्याचं ओलं मनगट दोन्ही हातांनी धरलं. मागे भोंगा वाजतच होता. तो बंद करायला कुणी गेलं नाही.