अप्पांची हजेरी

गुरुपाद अप्पांना समाधी देऊन तीन महिने झाले होते, तरी पतसंस्थेत ते रोज वेळेवर हजर होत. हयातीत कधी दाढ दुखली, कधी कुणाचं लग्न निघालं, म्हणून त्यांचा खाडा व्हायचा. आता तोही होईना.

हजेरीची रीत ठरलेली होती. दहाच्या सुमाराला सेलूच्या बाजारपेठेतल्या पतसंस्थेचं शटर वर जाई. रोखपाल योगीराज उदबत्ती लावी, संगणक सुरू करी आणि व्यवस्थापकाच्या नावापुढं अप्पांचा पासवर्ड टाकी. तो सगळ्यांना पाठ होता, कारण अप्पांनीच तो कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवला होता. मग संगणक अप्पांच्या मोबाइलवर सहा आकडे पाठवी. मोबाइल घरी, देवघराशेजारच्या कोनाड्यात चार्जिंगला लावलेला असे. योगीराज त्यावरच फोन करी. उमादेवी पदराला हात पुसत येत, चष्मा लावत आणि एकेक आकडा सुटा करून सांगत.

“चार. शून्य. परत शून्य, दोनदा हाय बरं का. नऊ...”

“लागला काकू. अप्पा आले आत.”

“आले ना? मग चालू द्या तुमचं.”

फोन कोनाड्यात परत गेला की उमादेवी स्वतःचा चहा ओतून घेत. नवरा ऑफिसात पोचल्यावर चहा घ्यायचा, ही त्यांची लग्नानंतरची पहिली सवय होती आणि ती मोडावी असं काही त्यांच्या दृष्टीनं घडलेलं नव्हतं.

पलीकडच्या खोलीत त्यांची लेक धनश्री अभ्यास करत बसलेली असे. पुण्याची नोकरी ती सध्या घरूनच करत होती, कंपनीला सांगितलेलं कारण ‘आईसोबत राहायचंय’ हे. एका सकाळी नेमक्या ‘दोनदा शून्य’च्या वेळी तिच्यापुढं सरावाचा प्रश्न होता : एक कर्मचारी संस्था सोडून गेला आहे, त्याचं लॉगिन अजून चालू आहे, लेखापरीक्षक म्हणून तुम्ही सर्वांत आधी काय कराल? खाली चार पर्याय होते. ‘उठून खोलीचं दार लावून घ्याल’ हा त्यांत नव्हता. धनश्रीनं उठून दार लावून घेतलं.

परीक्षा होती माहिती प्रणालीच्या लेखापरीक्षकांची. बँकांचे, कंपन्यांचे संगणक नीट चालतात का, कोण कुठं शिरू शकतं, शिरलेला माणूस तोच आहे का, हे तपासणाऱ्यांची. तिच्यातली खोच अशी की बहुतेक प्रश्नांचे चारही पर्याय बरोबर असतात. जास्त बरोबर कुठला ते सांगायचं. उमादेवींना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “चारी बरोबर हायत, तर परीक्षा कशाची घ्यायलेत? त्यांनाबी काम न्हाई अन् तुमालाबी.”

उन्हाळ्यात धनश्री ती एकदा देऊन बसली होती. नोंदणी याच घरात, अप्पांच्या मोबाइलवरून केलेली, कारण तिच्या सिमची रेंज या घराच्या भिंतींना कधी भेदता आली नाही. त्या खेपेला ती नापास झाली. तिनं अप्पांना सांगितलं, तेव्हा ते नुकतेच मोंढ्याच्या बाजारातून आले होते. चप्पल काढता काढता थांबले.

“नापास कशी? पेढे वाटून आलो मी.”

“अप्पा! निकालाच्या आधी?”

“माझा भरवसा होता. आता गावात सांगून झालंय, माझी लेक सिस्टीमची ऑडिटर हाय म्हणून. शब्द माघारी घेता येत न्हाई. तेवढं बघ तू.”

ज्या माणसानं उभ्या आयुष्यात सही जुळल्याशिवाय एक व्हाउचर पास केलं नाही, त्यानं लेकीला मात्र एकही कागद न बघता पास करून टाकलं होतं. त्यामुळं धनश्रीची स्थिती जरा चमत्कारिक होती. जी परीक्षा ती पास झालेलीच होती, तिचा तिला अभ्यास करावा लागत होता.

याच पेढ्यांच्या हिशेबानं एके दिवशी बन्सीधर शेठ घरी आले. कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मालक आणि पतसंस्थेचे चेअरमन. अप्पांच्या फोटोपुढं दोन मिनिटं डोळे मिटून उभे राहिले, मग खुर्चीत बसून सरळ मुद्द्यावर आले.

“धनाबेटा, पुढच्या आठवड्यात तपासणीवाले येणार. तुझं एक पत्र दे. ‘सिस्टीम पाहिली, सगळं ठीक आहे.’ घरची ऑडिटर असताना बाहेरचा कशाला?”

“काका, मी अजून पास झाले नाहीये.”

शेठ मोकळेपणी हसले. “मी पेढा खाल्लाय त्याचा. दोन खाल्लेत.”

“आणि ठीकही नाहीये. अप्पांचं लॉगिन चालू आहे.”

“ते चालू आहे म्हणून तर संस्था चालू आहे! आता बोर्डाची मीटिंग लागणार, नवा व्यवस्थापक ठरणार, मग सॉफ्टवेअरवाला नांदेडहून येणार. अप्पांसारखा माणूस असा लगेच मिळतो काय?”

“तोवर काम अप्पाच बघणार.”

“हे बघ, तूच म्हणालीस.” शेठांना टोमणा लागत नसे, व्यापारात ती एक कमाईच असते. मग त्यांनी आवाज उतरवला. “बेटा, लोकांनी त्यांच्या नावावर विश्वास ठेवून ठेवी ठेवल्यात. ते नाव संस्थेतून काढा म्हणायचं, आणि म्हणणारी कोण? तर त्यांची पोरगी. चांगलं दिसतं का ते?”

उमादेवी ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. कपबशा जराशा वाजल्या.

शेठ गेल्यावर त्यांनी ट्रे तसाच खाली ठेवला. “ह्यांचं काय काढायला सांगायलीस गं तू?”

धनश्रीनं सांगितलं. पुस्तकातल्यासारखं सांगितलं, म्हणजे वाईट सांगितलं.

“म्हंजी मी चोरी करायले?”

“तू नाही गं. पण उद्या कुणी भलतंच व्हाउचर पास केलं, तर ते अप्पांनी केलं असं दिसेल.”

“योगीराज तसला न्हाई.”

“नसेल. पण तो रजेवर गेला की त्याच्या खुर्चीत कोण बसेल, ठाऊक आहे तुला?”

उमादेवींनी ट्रेमधला एक कप उचलला. मग कपातली साय बोटानं बाजूला करत, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं त्या म्हणाल्या, “त्या दिवशीबी मीच सांगितला नंबर.”

“कुठल्या दिवशी?”

“समाधीला न्यायच्या आधी ह्यांना वसरीत बसवलं होतं. तू गाडीत होतीस, पुण्याहून यायलीस. भजन लागलं होतं अन् फोन वाजला. कापसाचे दिवस, मोंढ्यातली लोकं काउंटरला उभी. योगीराज रडतच म्हणला, काकू, कसं इचारू... मी म्हणलं, थांब, चष्मा आणते. ह्यांनी कधी लोकांना ताटकळत ठेवलंय का?”

धनश्री आईकडं बघत राहिली. म्हणजे कपाळाला भस्म लावून, गळ्यात हार घालून अप्पा इथं ओसरीत बसलेले होते, तेव्हाच ते तिकडं बाजारपेठेत व्हाउचरं पास करत होते. सिस्टीममध्ये त्याची नोंद असणार, वेळेसकट. तपासणीसाला दुसरं काही सापडलं नाही तरी हे सापडेल. मरणाच्या दिवशीही रजा न टाकणारा कर्मचारी सापडला, तर तो त्याचा सत्कार नक्कीच करणार नाही. तीस-पस्तीस वर्षं स्वच्छ राहिलेली अप्पांची सही आता तिच्या मालकाच्या माघारी मळणार होती, आणि तीही प्रेमापोटी.

“आई,” तिनं विचारलं, “अप्पांच्या गळ्यातलं इष्टलिंग आपण घरी ठेवून घेतलं का?”

“येडी झालीस का? ते कुणी ठेवून घेतं व्हय? समाधीत बसवताना स्वामींनी हातात दिलं की त्यांच्या. तू बघितलंस ना.”

तिनं बघितलं होतं. डाव्या तळहातावर ठेवून मिटलेली बोटं. रोज सकाळी त्याच तळहातावर अप्पा लिंगपूजा करत. लहानपणी तिनं एकदा ते हातात घ्यायला मागितलं होतं, तर त्यांनी नुसती मान हलवली होती : ज्याचं त्याला, शेवटपर्यंत, आणि मग त्याच्याच संगं. तिच्या पुस्तकानं एवढंच सांगायला आकृत्यांसकट अख्खं प्रकरण खर्च केलं होतं.

उमादेवींची नजर कोनाड्याकडं गेली, तिथं मोबाइलचा बारका हिरवा दिवा लागला होता. मग त्या म्हणाल्या, “लिही तुला काय लिहायचं ते. पण ह्यांचं नाव नीट लिही. चुकलेलं चालायचं न्हाई त्यांना.”

धनश्रीनं पत्र लिहिलं. शेठांना हवं होतं ते नव्हे. श्री. गुरुपाद यांचं निधन झालं असून त्यांचं लॉगिन तत्काळ बंद करावं, असं एकच वाक्य, नाव आणि आडनाव दोनदा तपासून. खाली ‘ऑडिटर’ असं लिहिलं नाही, ‘मुलगी’ असं लिहिलं. शेठांनी ते उभ्या उभ्या वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि हवापाण्याच्या गप्पा मारून निरोप दिला. पुढचे चार दिवस काहीच बदललं नाही. आकडे येत राहिले, अप्पा आत जात राहिले, चहा ओतला जात राहिला.

परीक्षा घरूनच द्यायची होती, कॅमेऱ्यापुढं. कुठल्या तरी देशात बसलेला निरीक्षक पडद्यावर नजर ठेवणार. खोलीत दुसरं माणूस नको, दुसऱ्या माणसाचा आवाजही नको. वेळ मिळाली होती सकाळची. धनश्रीनं आदल्या रात्री हे आईला जरा चाचरतच सांगितलं, कारण दहाला त्या घरात आकडे म्हटले जात.

“मी फोन घेऊन अंगणात बसते,” उमादेवी म्हणाल्या. “हळू सांगते. ह्यांना लय मोठ्यानं बोललेलं तसंबी आवडत न्हाई.”

निरीक्षकानं लॅपटॉप उचलून सगळी खोली दाखवायला लावली. टेबलाखालचं, पलंगाखालचं, छताकडचं. मग पडद्यावर अक्षरं उमटली : भिंतीवर कोण आहे?

तिनं टाइप केलं : वडील.

कृपया त्यांना बाहेर न्या.

सेलूत कुणाची हे म्हणायची छाती झाली नसती. धनश्रीनं फोटो खिळ्यावरून उतरवला, अंगणात नेला आणि आईच्या मांडीवर ठेवला. परत आली तेव्हा पुढचा प्रश्न थांबलेला होता : आता खोलीत तुम्ही एकट्याच आहात ना?

‘हो’ लिहायला तिला वेळ लागला.

नंतरचे चार तास प्रश्नांनी खाल्ले. दहा वाजून गेल्यावर तिचा एक कान अंगणात होता. रिंग वाजली नाही. आईनं आवाज बंद केला असेल, असं मानून ती पुढं गेली. शेवटचा प्रश्न संपवून तिनं बटण दाबलं, पडदा क्षणभर पांढरा झाला आणि त्यावर एक कोरडं वाक्य आलं : ती उत्तीर्ण झाली होती, अधिकृत निकाल यथावकाश कळवण्यात येईल.

ती बाहेर आली. उमादेवी पायरीवर बसलेल्या होत्या. मांडीवर फोटो, फोटोवर मोबाइल.

“आज फोन आला न्हाई,” त्या म्हणाल्या. “मग मीच लावला. योगीराज म्हणला, शेठनी काल सॉफ्टवेअरवाल्याला बोलावून बंद करून घेतलं. तपासणीवाले आले होते ना. त्यांना म्हणले म्हणं, आमच्याकडं हे नियम लय कडक हायत.” मग म्हणाल्या, “आज खाडा झाला ह्यांचा.”

धनश्री त्यांच्याशेजारी बसली. आईनं चहा घेतलेला नव्हता, हे तिला विचारावं लागलं नाही.

“आई, मी पास झाले.”

“झालीस?” उमादेवींनी फोटोची काच पदरानं पुसली. “बरं झालं. पण आता सांगायचं कुणाला गं? गावाला तर ह्यांनी उन्हाळ्यातच सांगितलंय.”

ते खरंच होतं. योगीराजला कळलं, तो म्हणाला, “ताई, तुमी परत दिली का? कशाला?” शेठांनी चौकशीही केली नाही.

अधिकृत निकाल आला आठवड्याभरानं. मेलमधल्या दुव्यावर जाऊन लॉगिन करायचं होतं. धनश्रीनं नाव टाकलं, पासवर्ड टाकला, आणि देवघराकडून टुणकन आवाज आला. त्या आठवड्यात कोनाड्यातून तसा आवाज आला नव्हता.

उमादेवी पदराला हात पुसत निघाल्या. “नंबर आलाय गं! कुणाचा?”

“माझा.” बोलता बोलता तिच्या लक्षात आलं. उन्हाळ्यातली नोंदणी. सेलूतल्या सगळ्या पतसंस्थांना शिकवायला निघालेली ही नवी लेखापरीक्षक स्वतःच्या निकालासाठी आता हयात नसलेल्या माणसाच्या मोबाइलवर विसंबून होती. ‘नंबर बदला’ अशी सोय त्याच पानावर, खालच्या कोपऱ्यात होती. ती तिला स्वच्छ दिसली.

“सांग,” ती म्हणाली.

आईनं चष्मा लावला. “सात. दोन. मग... थांब गं, बारीक लिहायलेत... पाच. शून्य. एकच हाय बरं का शून्य.”

धनश्रीनं चार आकडे टाकले आणि पाचव्याला हात थांबवला. पडद्यावरचे सेकंद संपत आले होते. ते तिनं संपू दिले.

“वेळ गेली आई. परत मागवावा लागेल.”

“मागव की.” उमादेवींनी स्टूल ओढलं आणि मोबाइल दोन्ही हातांत धरून त्या नीट बसल्या. “मी काय कुठं जायलेय?”