अंगठा ईटला, माणूस बेंबळीला

सुगतची ईटहून बेंबळीला बदली झाली, तेव्हा पेढे त्याच्या बायकोनं वाटले. प्रीती बेंबळीच्याच शाळेत शिक्षिका. लग्न झाल्यापासून नवरा ईटला आणि संसार बेंबळीला, असं चाललं होतं. आता एवढंच उरलं होतं, की आठवडाभरात नव्या कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर रुजू झाल्याची नोंद करायची. नाही केली, तर बदली नाकारली असं धरलं जाणार होतं.

सुगतनं खुर्चीत बसून अंगठा लावला. कॉम्प्युटरनं सांगितलं, हा अंगठा ओळखीचा नाही.

यात कॉम्प्युटरचा दोष नव्हता. नवा अंगठा आला की त्याला धाराशिवच्या मोठ्या कॉम्प्युटरला विचारावं लागे. विचारायला वायफाय लागे. आणि वायफाय सुरू व्हायचं ते अंगठा ओळखल्यावर. पूर्वी वायर होती तेव्हा ही भानगड नव्हती; पण खातं बिनतारी झालं, आणि कार्यालयात एक वीतभरही वायर शिल्लक नसल्याचा दाखला बेंबळी कार्यालयाच्या कृष्णराज साहेबांनी मोठ्या अभिमानानं वर पाठवला होता.

सुगतनं धाराशिवच्या संगणक कक्षात फोन लावला. निकिता मॅडम गोड आवाजाच्या होत्या.

"सोपंय हो. लॉगिनच्या आधीच वायफाय जोडलं जावं, म्हणून आत एक टिक करावी लागते. ती राहिलीय."

"मग करा ना मॅडम."

"इथूनच करते. तुम्ही फक्त कॉम्प्युटर वायफायला जोडून द्या."

"त्यापेक्षा तुम्हीच या की इकडं," सुगत म्हणाला.

"येते ना! तेवढी ऑनलाईन तक्रार टाका. तुमच्या लॉगिनमधून."

त्या कॉम्प्युटरला एकच अंगठा ठाऊक होता, उत्तरेश्वरभाऊंचा. ते सुगतच्या जागी ईटला गेले होते. सुगतनं त्यांना फोन केला.

"आरं, म्या बी हितं तसाच बसलोय!" उत्तरेश्वरभाऊ ओरडले. "ह्यो डबा सकाळपासनं तुझाच अंगठा मागतोय. पोस्टानं धाडतो का?"

"तुम्हीच एक दिवस या ना भाऊ, आत शिरून टिक करून जा."

साहेब ऐकत होते. "कार्यमुक्त झालेला माणूस परत त्याच खुर्चीत? वरून परवानगी लागेल. कॉम्प्युटर दुरुस्तीला पाठवायचा असला तर मात्र माझी सही पुरते."

हे ऐकून उत्तरेश्वरभाऊ फोनवरच हसले. "झालं मग! माणसं ऱ्हाऊ द्या जागच्या जागी. डबेच बदलू."

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सुगत चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर मांडीवर घेऊन एसटीत बसला. कंडक्टरनं खाली वाकून विचारलं, "पेशंट हाय का?"

"न्हाय. बदली झालीय त्याची."

धाराशिवच्या स्टँडवर उत्तरेश्वरभाऊ दुसरं गाठोडं घेऊन उभेच होते. देवघेव झाली, चहा झाला, दोघं आपापल्या गाडीत बसले.

कार्यालय बंद व्हायच्या आत सुगत बेंबळीला पोचला. अंगठा लावला. कॉम्प्युटरनं जुन्या मित्रासारखं दार उघडलं. आत शिरून त्यानं वायफाय जोडलं, नोंद केली, बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली: अभिनंदन, आपण ईट कार्यालयात रुजू झाला आहात.

साहेबांनी चष्मा लावून वाचलं. "कॉम्प्युटर ईटचा. तो बिचारा दुसरं काय सांगणार?"

सुगतनं पुन्हा फोन लावला.

"घाबरू नका," निकिता मॅडम म्हणाल्या. "दुरुस्ती होते. जिथं रुजू झालात, त्या कार्यालयात हजर राहून, तिथल्या कॉम्प्युटरवरून अर्ज करायचा."

"ईटला? तिथं माझा अंगठा चालेल?"

"कसा चालेल? तुम्हाला ओळखणारा कॉम्प्युटर तर तुम्ही बेंबळीला नेलाय."

"मग हाच परत नेतो."

"न्या की. पण तुम्ही आता ईटचे. बेंबळीच्या कार्यालयातून काही हलवायचं तर साहेबांच्या सहीआधी त्या खुर्चीवरच्या बेंबळीच्या माणसाची मागणी लागेल."

"बेंबळीचा माणूस कोण?"

मॅडमनी पाहिलं. "उत्तरेश्वर. आत्ताच रुजू झालेत."

शिपायानं दिवे मालवायला सुरुवात केली. साहेब दारात थांबले, आपुलकीनं म्हणाले, "निघा आता, सुगतराव. बाहेरच्या कार्यालयाचा माणूस वेळेनंतर आत ठेवता येत नाही."

बाहेर पायरीवर प्रीतीचा फोन आला. "अहो, झालं का? भाकरी टाकू?"

"टाक," सुगत म्हणाला. "आणि सकाळी डबा लवकर कर. पहिल्या गाडीनं ईटला जायचंय."