ध्रुवावरचा मंद वारा

सूर्याच्या मोहिमेवरल्या यानावरचं वारा मोजणारं यंत्र संध्याकाळी पाचला कायमचं बंद करायचं, असं मोहिमेच्या साहेबांनी ठरवून टाकलं होतं. वारा म्हणजे आपला झाडं हलवणारा नव्हे. सूर्यातून अखंड सुटणारा, सेकंदाला शेकडो किलोमीटर धावणारा कणांचा झोत. सहा वर्षांनी यान पुन्हा सूर्याच्या ध्रुवावरून, दुरूनच, जात होतं, आणि दहातले नऊ आकडे बाद होत होते. असलं यंत्र ठेवून करायचं काय?

बाद कोण करत होतं? ताईंची चाळणी. वयाने सगळ्यात मोठ्या, म्हणून त्या साऱ्या नियंत्रण-खोलीच्या ताई. मागच्या फेरीत सूर्यावर डाग औषधालाही नव्हता. ध्रुवावरून वारा साडेसातशेच्या वेगाने यायचा, रोज, न चुकता. तो कधी बदलत नाही, असा शोधनिबंध लिहून ताईंनी नाव कमावलं, आणि संगणकाला नियम घालून दिला: ध्रुवावर सहाशेच्या खालचा आकडा म्हणजे बिघाड, फेकून दे.

तीन वाजता त्यांना राहवेना. निरोप द्यायचाच, तर एकदा त्याचं म्हणणं तरी ऐकावं, म्हणून त्यांनी चाळणी काढली.

अगं बाई! तीनशे वीस, सातशे, चारशे, पुन्हा साडेतीनशे. यानावरच्या चुंबकमापकाच्या, म्हणजे दुसऱ्याच यंत्राच्या, नोंदी शेजारी लावल्या, तर चढउतार तंतोतंत जुळले; दोन यंत्रं एकाच तालात बिघडत नाहीत. एरवी विषुववृत्ताजवळ घुटमळणारा मंद वारा, सूर्य डागांनी भरल्यावर, थेट ध्रुवापर्यंत पसरला होता. एवढा थोरला सूर्य सहा वर्षांत पार पालटला, आणि आपण खुर्चीत बसून त्यालाच चूक ठरवत होतो! ताईंच्या अंगावर काटा आला, डोळे भरले.

मग त्यांनी घड्याळ पाहिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी होऊ द्यायची नसेल, तर स्वतःचा निबंध स्वतःच बुडवावा लागणार होता.

साडेचारला त्या आलेख घेऊन साहेबांसमोर उभ्या राहिल्या. "यंत्र ठणठणीत आहे. बिघाड माझ्या नियमात होता. निबंधातही."

साहेबांनी दोन्ही यंत्रांचे आलेख एकमेकांवर ठेवून पाहिले. मग म्हणाले, ही चूक तुमच्या नावानिशी छापावी लागेल, लोक बोलतील.

"बोलू देत. आधी ती यंत्र बंद करायची कमांड थांबवा."

पाच वाजून दोन मिनिटांनी नवा आकडा आला: दोनशे नव्वद. ध्रुवावर इतका मंद वारा ताईंनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.