आमची पहिल्या नंबरची हडळ

माझं लग्न ठरलं तेव्हा बाया कानाशी लागून सांगत होत्या, "राणी, नणंदेला जरा जपून." आता अख्खा मुलूख माझ्या नणंदेला हडळ म्हणतो आणि मी छाती फुगवून सांगते, हो, आमचीच आहे ती.

'बुजलेला आड' ही मालिका रोज दिवाबत्तीच्या वेळी लागायची. त्यात पाच दुष्ट होते आणि त्यांच्यात कोण किती वाईट यावरून आमच्या पेडगावात बायांची भांडणं व्हायची. म्हणून माझा क्रम आधीच सांगून टाकते. सगळ्यांत खाली भगत. लिंबू कापायचं आणि डोळे वटारायचे, यापलीकडे त्याला काही येत नव्हतं. त्याच्या वर पिंपळावरचा मुंजा, पण त्या पोराची भीती कमी आणि कीवच जास्त यायची. त्याच्या वर चकवा मास्तर, जो भल्याभल्यांना त्यांच्याच शेतात उजाडेपर्यंत फिरवायचा. दुसरा खवीस सरकार. मिशा, घोडा, ढगांचा गडगडाट, थाट सगळा होता. पण घाबरवायला ज्याला एवढं ओरडावं लागतं, तो पहिला कसा येईल? पहिली गिरजा. आडात राहणारी हडळ, म्हणजेच माझी नणंद प्रियदर्शनी.

गिरजा कधी ओरडली नाही. डोक्यावर पदर घेऊन आडाशेजारच्या घराच्या दारात उभी राहायची. वाटसरू निघाला की मान जराशी कलती करून हळूच म्हणायची, "जेवून जा की." जो बसला तो पानावरून पुन्हा उठला नाही.

हे वाक्य काही लेखकानं लिहिलेलं नव्हतं. ते माझ्या सासऱ्यांचं, व्यंकटरावांचं. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. दारात कुणीही येवो, विजेचं बिल देणारा येवो नाहीतर नुसता पत्ता विचारणारा, आबा त्याला तसा जाऊ द्यायचे नाहीत. "जेवून जा की." प्रियूनं बापाच्या तोंडचं मायेचं वाक्य उचललं आणि त्यात विष कालवलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातला भाकरीचा उंडा परातीत पडला होता.

आबांना यातलं काही ठाऊक नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. परभणीच्या कृषी विद्यापीठातलं शिक्षण अर्ध्यावर टाकून प्रियू नाटकवाल्यांबरोबर मुंबईला गेली, तेव्हा आबांनी तोंड फिरवलं ते फिरवलंच. तिच्याशी बोलणं बंद. मालिका लागली की ते उठून गोठ्यात जाऊन पडायचे. ऐन थंडीत त्यांनी आपली बाज गोठ्याच्या खिडकीशी ओढून घेतली होती, टीव्हीच्या खोलीच्या अगदी समोर. "वारं लागतंय," म्हणे. म्हातारपणी माणसाला काहीबाही सुचतं, असं मला वाटलं.

इकडे आबांचे पाहुणे मात्र पळायला लागले होते. आबांनी "जेवून जा की" म्हटलं, की माणूस चपला हातात घेऊन फाटकाबाहेर. एक दिवस ते मलाच म्हणाले, "राणी, लोकं जेवायला कामून थांबनात गं? तुज्या हाताला चव न्हाई राहिली का?"

माझं डोकं असं फिरलं म्हणता! चव माझी नाही हो बिघडली, वाक्य तुमच्या लेकीनं नासवलंय, असं तोंडावर आलं होतं. पण तिचं नाव घेतलं की आबा जेवणावरून उठायचे. मी जीभ चावली आणि भाकरी थापत राहिले.

अशात प्रियूचा फोन आला. "वहिनी, मालिकेचा दुसरा भाग निघायलाय. पण पाचातला एकच दुष्ट पुढं ठेवणार हायत. लोकांना इचारायलेत, सगळ्यांत वाईट कोण. मोबाइलवरून रोज एक मत. पहिला येईल त्यालाच काम." मग आवाज खाली आला. "मी पहिली न्हाई आले तर सामान घेऊन गावाकडं येते. लय थकले मी. आबा म्हणतील तिथं लग्न करते." हे ती हसत बोलली, पण तिचं खोटं हसू मला कळतं.

तरी मला भरवसा होता. एवढं मोठं गाव, त्यात आमची भावकी केवढी! चार दिवसांनी मी निवांत मोबाइल उघडला आणि हादरले. खवीस पहिला, गिरजा चौथी. भगत तेवढा तिच्या खाली.

मी तशीच पारावर गेले. तिथं माणिकराव बसले होते. गावातल्या लग्नापासून भांडणापर्यंत सगळं यांच्या शब्दावर चालतं. मला बघून ते खुशीत म्हणाले, "राणी, काई फिकीर करू नको. अख्ख्या गावानं खविसाला मत दिलंय. मानवतच्या पाव्हण्यायला बी मी सोता फोन लावले."

"खविसाला? कामून?"

"कामून म्हंजी? सगळ्यांत वाईट कोण म्हणून इचारायलेत ते. मंग आपल्या गावची लेक वाईट हाय म्हणून आमीच सांगावं का? इज्जत हाय का न्हाई गावाला?"

शेजारच्या बायनाबाई म्हणाल्या, "मी तर रोज देवाला हात जोडूनच खविसाचं बटन दाबायले, बाई. मह्या प्रियूला कुनी वाईट म्हनू नये."

हसावं की रडावं कळेना. गावानं एवढ्या मायेनं माझ्या नणंदेचा गळा कापला होता. मी समजावलं, "जत्रंत आपला पैलवान उतरला, तर त्यानं कुणाला पाडू नये म्हणून नारळ फोडता का तुमी? तिचं कामच वाईट दिसायचं हाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग माणिकराव म्हणाले, "खरं हाय तुजं. पण वाईट ते वाईटच की."

आता माझी सटकली. मी डोक्यावर पदर ओढला. मान कलती केली आणि हळूच म्हणाले, "माणिकराव, घराकडं चला. जेवून जा की."

माणिकरावांनी पारावरून जी उडी मारली, ती तरण्या पोरालाही जमली नसती. एक चप्पल वरच राहिली. बायनाबाई "आगं माय गं!" म्हणून मारुतीच्या पायरीला जाऊन चिकटल्या. सगळा पार खो खो हसायला लागला.

"आता सांगा," मी म्हणाले, "खविसाला बगून कुणी अशी उडी मारली का?"

माणिकराव एका पायात चप्पल घालून धापा टाकत होते. पण तोंडावर मात्र अभिमान मावत नव्हता. "न्हाई बा! खवीस काय करतो तिच्याम्होरं? आपलीच लय वाईट हाय!"

त्या दिवसापासून गावाला दुसरा धंदा राहिला नाही. सुग्रीव मुकादमाच्या टोळ्या तेव्हा ऊस तोडायला कारखान्यांवर गेलेल्या होत्या. त्यानं फडाफडात फोन लावले. "आरं, आपल्या पोरीला वाईट म्हना रे! पहाटं कोयता धरायच्या आदी म्हना!" माझे मालक आदिनाथ कापूस घेऊन मानवतला गेले, तर तिथल्या गाड्यांच्या रांगेत हात जोडून फिरत होते. "मही बहीण लय वाईट हाय हो, तिला मत द्या." सासूबाई सोयरिकीतल्या बायांना फोनवर आपल्याच लेकीची निंदा ऐकवायच्या आणि फोन ठेवला की पदरानं डोळे पुसायच्या. लेकीला इतकं वाईट म्हणताना इतका आनंद झालेलं गाव मी दुसरं पाहिलं नाही.

निकालाच्या दिवशी सकाळीच प्रियू रेल्वेनं आली. सोबत मोठी बॅग होती, म्हणजे पोरीनं आशा सोडली होती. अंगणातून तिनं गोठ्याकडे पाहिलं. आबा बैलाला पेंड चारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

दुपारी आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. टीव्हीवर एकेक नाव खालून वर यायला लागलं. पाचवा भगत. चौथा मुंजा. तिसरा चकवा मास्तर. माझाच क्रम चालला होता. प्रियूनं माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी पिचली.

"दुसरा... खवीस सरकार!"

पुढचं नाव कुणाला ऐकूच आलं नाही. बाहेर हलगी कडाडली. माणिकराव टेबलावर चढले आणि ओरडले, "सगळ्यांत वाईट, आमची!" सासूबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. हडळीची दृष्ट काढणारी आई जगात तेवढी एकच असेल. प्रियू हसत होती, रडत होती, आणि मला त्या घडीला वाटलं की आता मला काही नको, सगळं मिळालं.

तेवढ्यात मुंबईहून फोन आला, लगेच निघून या. बॅग उघडलीच नव्हती, ती तशीच उचलली. अंगणात सगळा गाव उभा होता. प्रियू गोठ्याच्या दाराशी गेली, उंबऱ्याला हात लावला.

"आबा, येते मी."

आबा बैलाची पाठ खाजवत राहिले. प्रियूनं खाली मान घातली आणि वळली. चार पावलं गेली असेल नसेल, मागून आवाज आला. हळू, गोड, अंगावर काटा आणणारा.

"जेवून जा की."

सगळं अंगण गारठलं. माणिकराव फाटकाबाहेर पोचलेसुद्धा. आबा दारात उभे होते. डोक्यावर उपरण्याचा पदर, मान कलती, हुबेहूब गिरजा.

प्रियूच्या हातातून बॅग पडली. "आबा, तुमी बगायचे?"

"खिडकीतून. एक बी भाग सोडला न्हाई." आबांचे डोळे भरून आले होते. "मव्हा आवाज चोरलास. बरा काढलास. पण 'की' लय लांबवतीस. मी तसं म्हनत न्हाई."

मग लेक बापाच्या गळ्यात पडली, आणि मी तव्याकडे पळाले. भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. बापलेक एका ताटात जेवले. माणिकरावांनाही आत ओढून बसवलं. ते आधी दुसऱ्यांना खाऊ देत होते आणि मगच स्वतः घास घेत होते.

मी आबांच्या पुढ्यात चौथी भाकरी ठेवली आणि तिथंच कमरेवर हात देऊन उभी राहिले.

"आबा, आता सांगा. चव हाय का न्हाई मह्या हाताला?"

आबांनी घास तोंडात घातला, सावकाश चावला आणि सगळ्या गावासमोर म्हणाले, "लय हाय, माय. लोकं कामून पळायलेत ते मला ठावं व्हतं. तुज्या तोंडून तिचं नाव निघावं म्हनून इचारलं व्हतं."