उलट दिशेनं आलेला माणूस

त्या वाटेवर सगळ्यांची तोंडं देवस्थानाकडे. त्यामुळे सकाळी नऊच्या सुमारास समोरून एक माणूस चालत येताना दिसला, तेव्हा शिंपीण जागच्या जागी थांबली.

"वन्सं, हा उलटा का येतोय?"

"काही विसरला असेल," तिची नणंद म्हणाली. वन्सं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. चोवीस दिवसांच्या पायी यात्रेचं वेळापत्रक त्यांनीच आखलेलं, आणि आज सोळाव्या दिवसाच्या रकान्यात एकवीस किलोमीटर होते. "चल. लोकांच्या पंचायती नकोत."

शिंपीण चालू लागली खरी, पण नजर काही हलेना. माणूस साठीचा, दाढी वाढलेली, टाचा घासत चालणारा. झाडाखाली टेकलेल्या प्रत्येक यात्रेकरूच्या तोंडाकडे तो वाकून बघत होता. जवळ आला तसं तिचं लक्ष त्याच्या शर्टाकडे गेलं आणि ती बोलून गेली, "अहो, हा शर्ट!"

निळ्या पट्ट्यांचा शर्ट. खिशाच्या पट्ट्या अंगाच्या पट्ट्यांशी अशा बेमालूम जुळवलेल्या, की हात घातल्याशिवाय खिसा आहे हे कळू नये. तीस वर्षं दुकान चालवून तिला स्वतःला असा खिसा जमला नव्हता. आणि अगदी असाच शर्ट तिनं काल संध्याकाळी मुक्कामाच्या यात्रीनिवासात पाहिला होता, स्वयंपाकघरात बटाटे सोलणाऱ्या एकाच्या अंगावर. टक लावून बघत होती तेव्हा वन्संनी कोपरानं ढोसलं, म्हणून विचारायचं राहून गेलं.

"कुणी शिवलाय?"

"बायकोनं," तो गोंधळून म्हणाला. "का हो?"

"कालच असा दुसरा पाहिला."

त्याच्या हातातली काठी सुटली. "कुठे? भुवईवर व्रण होता का?"

"होता. मागच्या यात्रीनिवासात आहेत. गुडघा सुजलाय, पाय स्टुलावर ठेवून बटाटे सोलत होते."

माणूस तिथेच रस्त्याकडेच्या दगडावर बसला. मग म्हणाला, "मेहुणा माझा. बायकोनं एकाच ताग्यातून दोघांना शिवले. म्हणाली, गर्दीत एकमेकांना शोधायला बरे."

लिफ्ट दुरुस्त करण्यात या माणसाचा जन्म गेलेला. बायको लेकीकडे राहायला गेली आणि हे दोघे घराला कुलूप घालून यात्रेला निघाले. बाराव्या दिवशी भांडले.

"कशावरून?" शिंपिणीनं विचारलं.

"निघताना गॅस बंद केला होता की नाही, यावरून."

"केला होता?"

"केला होता! किल्ली शेजारणीकडे, ती जाऊन बघून आली. तरी हा म्हणे, मग तिनंच बंद केला असेल. माझं डोकं फिरलं. तुझं तोंड दाखवू नकोस म्हणालो आणि तडक पुढे गेलो. फोन दोघांत एकच, तोही माझ्याकडे, आणि नंबर त्याला पाठ नाही."

देवस्थानापाशी पोचून त्यानं चार दिवस वाट पाहिली. मेहुणा काही येईना. यात्रीनिवासांना फोन केले, पण तिथे आल्यागेल्याची नावं कोण लिहितंय? शेवटी तो उलटा चालू लागला.

"बसनं का नाही आलात?" आता वन्संनीच विचारलं.

"बसमधून ही पायवाट दिसते का, बाई? कुठे पडून राहिला असता तर?"

काठी उचलून तो निघालाच. शिंपीण त्याच्या पाठमोऱ्या शर्टाकडे बघत राहिली.

"वन्सं, मी जाऊन येते. चारच किलोमीटर आहे. भेटल्यावर हे दोघं काय बोलतात, ते मला ऐकायचंय."

वन्संनी घड्याळ पाहिलं, पुढची वाट पाहिली. "त्याचे पाय बघ. एकट्याला सोडायचं म्हणजे…" असं काहीतरी पुटपुटत त्याच आधी वळल्या.

स्वयंपाकघराच्या दाराशी तो थबकला. मेहुण्यानं मान वर केली. सुरी हातातच राहिली.

"पोचलास?"

"पोचलो."

"दर्शन कसं झालं?"

"आत गेलोच नाही. फाटकाशी उभा होतो. म्हटलं, येशील."

"चार पायऱ्या चढून आत जायचं, त्यात काय अवघड होतं?"

"तू मागे होतास ना."

मेहुण्यानं हातातला बटाटा खाली ठेवला. मग ओल्या हातानं शेजारचं स्टूल पुढे ओढलं. "बस. पाय काय झालेत बघ तुझे. गाढवा, जेवलास का?"

शिंपिणीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतकं काही बोलतील असं तिला वाटलं नव्हतं. आचाऱ्यानं मात्र, इथे रस्ता अडवू नका म्हणून तिला बाहेर काढलं.

गुडघ्याला अजून आठवडा लागणार होता. मग दोघं मिळून निघणार; लिफ्टवाल्याची त्याच वाटेवरची ती तिसरी खेप होणार होती. त्याची त्याला काही फिकीर दिसत नव्हती.

दुपारी तो गरम पाण्यात पाय सोडून ओट्यावर बसला होता. वन्सं बाजूला येऊन बसल्या.

"उलट येताना वाट वेगळी दिसते का हो?"

त्यानं विचार केला. "वेगळीच. जाताना मी नुसता रागात होतो, खाली बघून चाललो. येताना कळलं, दोन टेकड्यांच्या मधे एक तळं आहे. एवढं मोठं तळं, आणि मला दिसलंच नव्हतं."

"कुठे?"

"उद्या दुपारी लागेल तुम्हाला. डाव्या हाताला."

"दुपारी म्हणजे साधारण किती वाजता?" वन्संनी विचारलं.